चौकट : काम मागणे हा हक्क की नुसती इच्छा?

१९४८च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात कामाचा हक्क आहे. आपल्या राज्यघटनेने मात्र तो कलम ४१मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला. मॉरिस क्रॅन्स्टनसारखे तत्त्वज्ञ त्याला खरा मानवी हक्क मानायला तयार नव्हते. छळ करू नका हे कोणत्याही सरकारला आज पाळता येते, पण सगळ्यांना काम द्यायला पैसा लागतो. आणि जे देणे शक्य नाही, त्याचा हक्क कसला, हा त्यांचा युक्तिवाद. गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यासारख्या धानाच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. धान निघाला की कोरडवाहू शिवारात मजुरी आटते, आणि नेमका तेव्हाच मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ काढता येतो.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७मध्ये केला; अंमल २६ जानेवारी १९७९पासून. मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. खर्चासाठी व्यवसाय कर, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या खिशातून. ‘शक्य नाही’ हा आक्षेप इथेच लंगडा पडतो. शिवाय पोलीस आणि न्यायालयेही फुकट चालत नाहीत. तरी मालमत्तेच्या हक्काला कुणी खर्चिक म्हणत नाही!

मजुरी थकते, त्याचे काय? थकलेल्या मजुरीमुळे हक्क खोटा ठरत नाही, कुणीतरी देणे चुकवले एवढेच ठरते. मर्यादा आहे ती वेगळी : हमी अंगमेहनतीच्या कामाचीच होती. बारावी झालेल्या मुलीपुढेही या हमीने घमेलेच ठेवले.