टाकींतील हवेची विचारपूस

गेल्या गणेशचतुर्थीला आमच्या कोंकणांतील घरीं लहानमोठीं सत्तावीस माणसें जमलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे, ऋषिपंचमीच्या स्नानांची घाई चालली असतां, विहिरीवरील विजेचा पंप जळाला. विहीर तुडुंब भरलेली आणि घरांतले नळ मात्र कोरडे! आजीनें आपल्या सोंवळ्याच्या पाण्यासाठीं दोर व पोहरा जपून ठेवला होता, म्हणूनच त्या दिवशींची वेळ निभावली.

मिस्त्रीनें पंप उघडून पाहिला व सांगितलें, “दोष पंपाचा नाहीं. तुमच्या टाकींतली हवा गेली आहे.” आम्ही सारे एकमेकांकडे पाहूं लागलों. तीन महिने झाले, नळ सोडतांच पंप सुरू होई आणि नळ मिटतांच थांबे. तो आवाज प्रत्येकानें ऐकला होता, व दुसरा कोणी त्याकडे पाहत असेल असें प्रत्येकानेंच गृहीत धरलें होतें. एकत्र कुटुंबांत असें पुष्कळदां घडतें.

ही दाबाची टाकी गच्चीवरील टाकीहून अगदीं निराळी. हिच्या बंद पोलादी पोटांत रबराची एक पिशवी असते. पिशवींत पाणी व तिच्या भोंवतीं हवा. पाणी दाबून लहान होत नाहीं, हवा होते. दाब वाढला कीं त्याच प्रमाणांत हवेचें आकारमान घटतें, हा नियम रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केला. पंप पाणी आंत लोटतो तेव्हां हवा आक्रसते, आणि पंप थांबल्यावर तीच हवा पाण्याला नळाकडे ढकलते. दाब दर चौरस इंचास ३० पौंडांवर उतरला कीं पंप सुरू व्हावा व ५० पौंडांवर चढला कीं थांबावा, अशी योजना आमच्या स्विचांत आहे.

अशा योजनेंत १०० लिटरची टाकी पंप न चालवितां सुमारें २९ लिटर पाणी देते. हवा कमी झाली कीं हें पाणी घटत जातें, आणि शेवटीं तांब्याभर पाण्यासाठींही पंपाला उठावें लागतें. सुरू होतांना मोटर नेहमींच्या कित्येक पट वीज ओढते व तापते. दिवसांतून शंभरदां तिला असें उठवलें तर ती किती दिवस टिकणार?

परीक्षा सोपी आहे. प्रथम पंपाची वीज मुख्य बटनावरून बंद करावी. मग टाकीजवळचा सर्वांत खालचा नळ सोडून दाबमापकाचा कांटा शून्यावर येईपर्यंत पाणी वाहूं द्यावें. टाकी रिकामी केल्याशिवाय घेतलेलें माप फसवें असतें, कारण तें पाण्याच्या दाबाचें असतें. टाकीवर एका टोपणाखालीं मोटारीच्या चाकाला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. चाकाची हवा मोजण्याचें मापक तेथें लावावें. पंप ज्या दाबावर सुरू होतो त्याहून हवा दोन पौंड कमी असावी; म्हणजे ३० ला २८. कमी असल्यास हातपंपानें भरावी, अधिक असल्यास सोडावी. हवा अधिक झाली तर पंप सुरू होण्यापूर्वींच पिशवी रिकामी होऊन नळाचें पाणी मध्येंच तुटतें.

व्हॉल्व्हमधून हवेऐवजीं पाणी आलें तर पिशवी फाटली असें समजावें. मग कितीही हवा भरली तरी व्यर्थ. पिशवी किंवा टाकी बदलावीच लागते. सर्व नळ बंद असतांना पंप मधूनमधून सुरू होत असेल, तर हवेकडे न पाहतां गळती शोधावी. पाणी विहिरींत परत जाऊं न देणारी झडप किंवा शौचकूपाची टाकी, बहुधा या दोहोंपैकीं एक गळत असते. स्विचाकडे जाणारी बारीक नळी पावसाळ्यांतील गढूळ पाण्यानें तुंबते, तीही पाहवून घ्यावी. स्विचाचें झांकण मात्र घरच्या कोणीं उघडूं नये. तें जाणत्या वीजकामगाराचें काम आहे.

हें सारें वर्षांतून दोनदां, एकदां गणपतीपूर्वीं व एकदां शिमग्यापूर्वीं, केलें म्हणजे पुरे. घर भरण्याचे दिवस तेच. आणि ‘सर्वांनीं पाहावें’ असें न म्हणतां कोणा एकाच्या नांवानें तें काम नेमून द्यावें.

आमच्या घरीं तें आतां धाकट्या पुतण्याकडे आहे. वीज वडील माणसानें बंद करावयाची व माप त्यानें घ्यावयाचें, असा शिरस्ता ठरला आहे. शिमग्याला हवा २६ भरली. त्यानें ती २८ केली आणि भिंतीवरील पंचांगावर तारीख घालून आंकडा टिपला. आजीचा पोहरा अजून खुंटीवर आहे, व तो तेथेंच असावा याविषयीं घरांत दुमत नाहीं.