दीर्घिका गटांतील शीत रेणवीय वायू

परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने एकत्र राहिलेल्या काही थोड्या ते काही डझन दीर्घिकांच्या समुच्चयास दीर्घिका गट म्हणतात. शेकडो वा हजारो दीर्घिका असलेल्या समुच्चयास गुच्छ ही संज्ञा आहे. आपली आकाशगंगा व देवयानी दीर्घिका या दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका स्थानिक गटात आहेत. परंतु अनेक गटांच्या मध्यभागी सर्व सदस्यांहून मोठी अशी एकच विवृत्ताकार किंवा भिंगाकार दीर्घिका असते. या मध्यवर्ती दीर्घिकांत मुख्यत्वे जुने तारे असतात व नवे तारे जवळजवळ निर्माण होत नाहीत. त्यामुळे ताऱ्यांचा कच्चा माल असलेला शीत वायू त्यांच्यात शिल्लक नसावा, असे पूर्वी मानले जाई. हे मत आता सोडून द्यावे लागले आहे.

शोध घेण्याची रीत : शीत ढगांतील हायड्रोजनाचे रेणू निरपेक्ष शून्याच्या वर काही दशक अंशांपर्यंतच्याच तापमानास असतात. हा रेणू सममित असल्याने इतक्या कमी तापमानास तो जवळजवळ प्रारण उत्सर्जित करीत नाही. म्हणून त्याच्याबरोबर अल्प प्रमाणात आढळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडाच्या रेणूचा उपयोग मागोवा घेण्यासाठी करतात. २·६ मिमी. तरंगलांबीची या रेणूची वर्णरेषा १९७० मध्ये मृग तारकासमूहातील अभ्रिकेत प्रथम आढळली. तिच्या तीव्रतेवरून हायड्रोजनाचे वस्तुमान काढताना सामान्यतः आकाशगंगेतील ढगांवरून ठरविलेले गुणोत्तर वापरतात; म्हणून येणारे आकडे अंदाजी समजावयाचे असतात. वातावरणातील बाष्प मिलिमीटर तरंग शोषून घेत असल्याने असे दूरदर्शक उंच व कोरड्या जागी उभारतात. स्पेनच्या सिएरा नेव्हाडा पर्वतातील ३० मी. व्यासाचा आणि चिलीतील आटाकामा वाळवंटातील १२ मी. व्यासाचा हे दूरदर्शक या कामी विशेष उपयोगी पडले आहेत.

खोडद येथील निरीक्षणे : सुमारे २६ कोटी प्रकाशवर्षांच्या आतील ५३ गटांची निवड करून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्यात आला. ईवन ओसलिव्हन यांच्या नेतृत्वाखालील या कार्यात पुण्याच्या आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचे (आयुका) सोमक रायचौधुरी यांचा सहभाग होता. त्यातील रेडिओ निरीक्षणांसाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचा उपयोग झाला. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० अँटेना असून ते सुमारे २५ किमी. परिसरात पसरलेले आहेत. मीटर तरंगांसाठी बांधलेला असल्याने त्याला कार्बन मोनॉक्साइडाची रेषा दिसू शकत नाही. परंतु दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराकडून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या विद्युत् भारित कणांचे झोत २३५ व ६१० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतांना त्याच्या कक्षेत येतात. बहुतेक मध्यवर्ती दीर्घिकांत असे रेडिओ उत्सर्जन आढळले. इंधन आणि ते ज्यात जळते ती भट्टी अशा दोन्ही बाजूंची माहिती यामुळे एकाच गटांविषयी उपलब्ध झाली.

निष्कर्ष : २०१५ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५३ पैकी २१ मध्यवर्ती दीर्घिकांत कार्बन मोनॉक्साइड आढळला. नंतर पाहिलेल्या ३६ दीर्घिकांपैकी तो १२ दीर्घिकांत मिळाला व त्यांतील रेणवीय वायूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १० लक्ष पटींपासून ६० कोटी पटींपर्यंत भरले. ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग वर्षाला एका सूर्याएवढ्या वस्तुमानाहून बहुधा कमी असला, तरी साठाही लहान असल्याने तो १०० कोटी वर्षांच्या आत संपावयास हवा. उदा., १० कोटी सूर्यांएवढा वायू वर्षाला अर्ध्या सूर्याच्या दराने वापरला गेल्यास २० कोटी वर्षे पुरेल. दीर्घिकांचे वय याच्या कित्येक पट आहे. ज्याअर्थी वायू आजही आढळतो, त्याअर्थी त्याची भर सतत पडत असली पाहिजे.

वायूचा उगम : अनेक गटांत दीर्घिकांमधील अवकाश सुमारे एक कोटी केल्विन तापमानाच्या विरळ वायूने भरलेला असून तो क्ष-किरण उत्सर्जित करतो. ऊर्जा गमावून मध्यभागी थंड होणारा हा वायू विवृत्ताकार दीर्घिकांना पुरवठा करीत असावा. कन्या राशीतील एनजीसी ५०४४ या दीर्घिकेत चिलीतील ‘आल्मा’ या दूरदर्शक-संचाने केंद्रापासून सुमारे ८,००० प्रकाशवर्षांच्या आत रेणूंचे २४ निरनिराळे ढग दाखविले (२०१४). ते सुव्यवस्थित फिरणाऱ्या तबकडीत नसून विखुरलेले आहेत. यावरून ते तेथेच थंड होऊन बनले असावेत, या कल्पनेस पुष्टी मिळते. भिंगाकार दीर्घिकांत मात्र रेणवीय व आणवीय हायड्रोजन बहुधा एकत्र आढळतो किंवा दोन्ही नसतात. त्यांनी हा वायू वायुसमृद्ध शेजारी दीर्घिकांशी मीलन होऊन किंवा त्यांच्याकडून ओढून घेऊन मिळविला असण्याचा संभव अधिक आहे.

महत्त्व : थंड झालेल्या वायूचा काही भाग कृष्णविवरात पडतो, त्यातून निघणारे झोत भोवतालचा वायू तापवितात आणि थंड होण्याची क्रिया मंदावते, असे स्वयंनियमनाचे चक्र मानले जाते. नव्या ताऱ्यांची निर्मिती इतकी अल्प का, याचे उत्तर या चक्रात असावे. तथापि रेडिओ उत्सर्जनाची शक्ती आणि रेणवीय वायूचे वस्तुमान यांत स्पष्ट संबंध आढळलेला नाही. साठा भरणे आणि झोत प्रज्वलित होणे या घटना एकाच वेळी घडत नसल्यास असे होऊ शकते. किंवा कृष्णविवरास लागणारे इंधन एकूण साठ्याच्या मानाने फारच थोडे असावे. विश्वातील बहुसंख्य दीर्घिका गुच्छांत नसून गटांसारख्या लहान समुच्चयांत असल्याने दीर्घिकांच्या उत्क्रांतीचा सर्वसाधारण नियम येथेच शोधावा लागतो.