थंडीचा आकडा खरा की खोटा?

क्रायोपंप हवा बाहेर फेकत नाही, गोठवून स्वतःजवळ ठेवतो. गार पेल्यावर दव धरावे तशी निर्वात करायच्या पेटीतली हवा त्याच्या पत्र्यांवर धरते. पहिल्या टप्प्यावर, 65 ते 80 केल्विनला, पाण्याची वाफ अडकते. दुसऱ्या टप्प्यावर, 10 ते 15 केल्विनला, म्हणजे उणे 260 अंश सेल्सिअसच्या आसपास, चक्क नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा बर्फ होतो! हायड्रोजन आणि हेलियम तिथेही दाद देत नाहीत. त्यांना धरायला पत्र्यांच्या आतून कोळसा चिकटवलेला असतो, पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा.

हा दुसरा टप्पा 20 वरून 25 केल्विनवर गेला, तर गोठलेल्या नायट्रोजनचा बाष्पदाब हजार पटींहून अधिक वाढतो. म्हणून सगळ्यांची नजर तापमानाच्या आकड्यावर.

पण तो आकडा येतो कुठून? तांदळाच्या दाण्याहून लहान अशा सिलिकॉन डायोडमधून 10 मायक्रोअँपिअर प्रवाह सोडतात आणि व्होल्टेज मोजतात. खोलीत ते अर्ध्या व्होल्टच्या किंचित वर असते. 10 केल्विनला 1.4 च्या आसपास. थंडी वाढली की व्होल्टेज वाढते. त्यामुळे तार तुटून व्होल्टेज चढले, तर साध्या मीटरला ती भयंकर थंडी वाटते!

दोनच तारांनी मोजत असाल, तर गंजलेला कनेक्टर याहून फसवा. त्याचा रोध हजार ओहम झाला तर 10 मिलिव्होल्ट वाढतात. 77 केल्विनजवळ एका केल्विनला दोन मिलिव्होल्टही पडत नाहीत, म्हणून आकडा पाच-सहा केल्विनने थंड दिसतो. 10 केल्विनला मात्र एका केल्विनमागे वीसहून अधिक मिलिव्होल्ट बदलतात, तिथे हाच बिघाड जेमतेम जाणवतो. दोष एकच, पण एका टप्प्यावर उघडा पडतो आणि दुसऱ्यावर लपतो. मला यातले हेच सर्वांत विलक्षण वाटते. यावर उपाय चार तारांचा: दोन प्रवाहासाठी, दोन फक्त मोजायला.

या डायोडचा, म्हणजे सेन्सरचा, स्क्रू सैल झाला तर उलटे होते. पत्रा थंड, पण तारांतून आलेल्या उष्णतेने डायोड ऊबदार. अशा वेळी पेटीतला दाब पाहावा. आकडा 25 केल्विन म्हणतो आणि निर्वात उत्तम आहे, तर संशय सेन्सरवर. पंप पूर्ण गरम झाल्यावर दोन्ही टप्प्यांनी खोलीचेच तापमान दाखवायला हवे. पंपाच्या शीतयंत्राला दोष देण्याआधी एवढे जरूर तपासा.