मळीपासून रमपर्यंत

आपण कारखान्याला ऊस घालतो तो साखरेसाठी. पण एक टन उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळीही निघते. ही काळी, चिकट मळी १७ व्या शतकात वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांनाही टाकाऊच वाटे. तिच्यातूनच तिथे रम जन्मली. त्या मळ्यांत राबत होते ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम, हेही विसरून चालायचे नाही.

रीत तशी साधी आहे. मळीत निम्म्याच्या आसपास साखर उरलेली असते, पण तिचा दाणा धरत नाही. म्हणून मळी पाण्याने पातळ करून तीत यीस्ट सोडतात. दीड-दोन दिवसांत यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल तयार होते. मग ते आंबवण तापवायचे आणि वाफ थंड करून अल्कोहोल वेगळे काढायचे. भांड्याच्या भट्टीत काढले की वास-चव दाट उतरते. जमैकाची उग्र रम अशीच. उंच स्तंभातून काढले की क्यूबासारखी हलकी रम मिळते. ओकच्या पिंपात मुरवली की तिला रंग चढतो. काळ्या रममध्ये पुष्कळदा जळकी साखरही घालतात. मार्टिनिक बेटावर मात्र मळीऐवजी ताज्या रसाची रम करतात. आपल्याकडची प्रसिद्ध ‘ओल्ड मंक’ १९५४ सालची.

आता तुम्ही म्हणाल, मग कारखान्यांनी रमच का करू नये? अहो, मुरायला वर्षे लागतात, आपल्या उष्ण हवेत पिंपातला माल उडूनही जातो, आणि उसाचे बिल तर कायद्याने १४ दिवसांत द्यायचे! म्हणून बहुतेक आसवन्या स्पिरिट आणि पेट्रोलात मिसळायचे इथेनॉल विकतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एक लिटर अल्कोहोलमागे १० ते १५ लिटर तांबडे-काळे सांडपाणी निघते. त्यापासून बायोगॅस होतो, खतही होते. पण तसेच ओढ्यात सोडले तर मासे मरतात, विहिरी नासतात. तेव्हा वार्षिक सभेत मळीचा भाव जरूर विचारा, पण सांडपाण्याचा हिशेबही विचारा. विहिरी आपल्याच आहेत.

आणि शेवटचे. रम कशी होते हे कळावे म्हणून हे लिहिले, घरात आणावी म्हणून नव्हे. उसाचे बिल बाटलीवाटे परत जाऊ नये, एवढेच मागणे!