ग्रामीण रुग्णालय आणि अत्याचारपीडितेची वैद्यकीय तपासणी

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली खेड्यातील स्त्री बहुधा आधी पोलीस ठाण्यात, मग ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविली जाते. या प्रवासात गेलेला वेळ भरून येत नाही. शरीरावरील पुरावा तासागणिक क्षीण होतो. तो ९६ तासांपर्यंत गोळा करावा, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. एच. आय. व्ही. प्रतिबंधक औषध तर ७२ तासांच्या आतच सुरू करावे लागते.

पोलिसांच्या पत्राशिवाय तपासणी करता येत नाही, ही समजूत निराधार होय. कर्नाटकातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच ग्रामीण भागातील शासकीय डॉक्टरांच्या अशा नकाराविषयी नापसंती नोंदविली आहे. पीडिता थेट आली तरी तिच्यावर उपचार झालेच पाहिजेत. पोलिसांना कळविणे हे रुग्णालयाचे काम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार शासकीय व खासगी रुग्णालयांनी हे उपचार विनामूल्य द्यावयाचे आहेत. ते नाकारणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो.

दुसरी सबब स्त्रीरोगतज्ज्ञ नसल्याची. वस्तुतः कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ही तपासणी करू शकतो. अठरा वर्षांखालील मुलीची तपासणी मात्र स्त्री डॉक्टरनेच करावयाची असते. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत स्त्री डॉक्टर न मिळाल्यास दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीत पुरुष डॉक्टरने ती करावी. संमती अर्थातच आवश्यक. पण तपासणीस नकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत.

लागणारे साहित्यही साधेच आहे. खरा प्रश्न दक्षतेचा. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केले की पुरावा कुजतो. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात मोहोरबंद करावेत आणि ते कोणाकडून कोणाकडे गेले याची सहीनिशी नोंद ठेवावी.

अहवालातील शब्दही तोलून लिहावे लागतात. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील १९७२ च्या प्रकरणात मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, या गोष्टीला १९७८ च्या निकालात महत्त्व दिले गेले आणि आरोपी पोलीस सुटले. जखमा नसणे म्हणजे अत्याचार झाला नाही असे नव्हे, हे आज डॉक्टरांना स्पष्टपणे सांगितलेले आहे. ‘दोन बोटांची’ चाचणी करणे हे तर गैरवर्तन ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

गावात प्रथम कळते ते बहुधा शिक्षिकेला, आशा कार्यकर्तीला वा पंचायत सदस्याला. अशा वेळी बैठक भरवून मिटवामिटवी करण्यात रात्र दवडू नये. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पोलिसांना कळविणे कायद्याने बंधनकारकच आहे. अंगावरचे कपडे बदलले असल्यास ते न धुता कागदात गुंडाळून बरोबर न्यावेत; स्नान झाले असले, दोन दिवस उलटले असले, तरी रुग्णालयात जाणे टाळू नये.