जमिनीखालची वीज आणि पाण्याची झाडे

विजेच्या तारा जमिनीखाली गेल्या की शहर देखणे दिसते आणि वादळवाऱ्याचे भयही उरत नाही. परंतु उघड्या तारेला हवेचे जे रोधन फुकट लाभते, ते जमिनीखाली माणसाला स्वतः निर्माण करावे लागते. उच्च दाबाच्या केबलचे आयुष्य तिच्यातील तांब्यावर वा ॲल्युमिनियमवर जितके अवलंबून नसते, तितके त्याभोवतीच्या काही मिलिमीटर जाडीच्या वेष्टनावर असते.

तेलात भिजविलेल्या कागदाने हे काम अनेक दशके चोख बजावले. मात्र तेलाचा दाब सांभाळण्याची यातायात मोठी आणि गळतीची धास्ती कायमची. १९३३ साली इंग्लंडमध्ये हाती आलेले पॉलिथिलीन उत्तम विद्युत्‌रोधक ठरले. पण उष्णतेने ते मऊ पडे. १९६३ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गिल्बर्ट आणि प्रिकोपिओ यांनी पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्याच्या सुट्या रेणुसाखळ्यांना आडवे बंध घातले. सुट्या धाग्यांचे जणू जाळे झाले. हे 'एक्सएलपीई' ९० अंश सेल्सियस तापमानात अखंड काम करते आणि शॉर्टसर्किट झाल्यास काही क्षण २५० अंशांपर्यंतचा ताप सोसते.

आता केबल पुरावी आणि विसरून जावे, असा समज यातून रूढ झाला. तो महागात पडला. १९७० च्या दशकात अमेरिकेत पॉलिथिलीनच्या वेष्टनाच्या अनेक केबल अकाली निकामी होऊ लागल्या. वेष्टन कापून पाहता आत झाडाच्या फांद्यांसारख्या सूक्ष्म आकृती आढळल्या. ओल आणि विद्युत्‌क्षेत्र एकत्र आले की एखाद्या कचऱ्याच्या कणापासून वा पोकळीपासून हे 'जलवृक्ष' फुटतात, वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतात आणि एके दिवशी रोधन कोसळते. रेणूंचे बंध पक्के करण्यासाठी कारखान्यात वापरली जाणारी वाफच वेष्टनात ओल आणि पोकळ्या ठेवीत होती!

मग वाफेऐवजी कोरडा नायट्रोजन आला, रोधन व त्याच्या आतबाहेरचे अर्धवाहक थर एकाच वेळी चढू लागले, कच्चा माल अधिक स्वच्छ झाला आणि उच्च दाबाच्या केबलवर पाणी अडविणारे धातूचे आवरण आले. म्हणूनच २००० साली टोकियोत ५०० किलोव्होल्टची सुमारे ४० किलोमीटर लांबीची भूमिगत वाहिनी याच रोधनावर उभी राहू शकली.

आपल्याकडे मुंबई शहराची वीज जमिनीखालून फिरते आणि पावसाळ्यात तेथील चर पाण्याने भरतात. कारखान्यातील स्वच्छता कारखान्याच्या दाराशी संपते. केबलचा जोड मात्र रस्त्यावरच्या खड्ड्यात, माणसाच्या हाताने होतो. सुरीचा एक चुकार ओरखडा, धुळीचा एक कण किंवा घामाचा एक थेंब तेथे पुरेसा असतो. तेव्हा निविदा उघडताना केबलच्या दराबरोबरच जोड करणारा कारागीर प्रशिक्षित आहे काय, केबल टाकल्यानंतर बाह्य आवरणाची चाचणी होणार काय आणि उद्या रस्ता खोदणाऱ्याला तिचा नकाशा मिळणार काय, हेही विचारले पाहिजे. या तीन गोष्टींवरील खर्च वाचविणे म्हणजे जलवृक्षाला स्वतःच्या हाताने पाणी घालणे होय.