साखर वाढली आणि डोंगर चढलो



या पानावर मी दरवेळी लागण, खोडवा, पाचट असलेच विषय घेऊन येतो. या खेपेला जरा वाट सोडतो आहे. मागच्या गळीत हंगामाची शेवटची मोळी गव्हाणीत पडली आणि पाठोपाठ माझा रक्ताचा रिपोर्ट आला. उसाच्या उताऱ्याची काळजी वाहणाऱ्या माणसाच्या रक्तातलाच उतारा वाढलेला! डॉक्टर म्हणाले, "साहेब, मोटारसायकलवरून बांधाबांधानं फिरणं म्हणजे चालणं नव्हे." तेव्हाच ठरवले, वर्षभरात सह्याद्रीतली जमतील तेवढी शिखरे चढायची.

हा नाद जगात पुष्कळांना आहे. स्कॉटलंडात सर ह्यू मन्रो या गृहस्थांनी १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. आज तीत २८२ शिखरे धरतात आणि ती पुरी करण्यात लोक आयुष्य घालवतात. माझी वही लहान. वर्षात नऊ झाली.

पहिला रतनगड, मे महिन्यात. सोबत आमचे एक सभासद, वय चौसष्ट, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. लोखंडी शिड्या चढून नेढ्यात बसलो, तर वारा असा की टोपी हातात धरावी लागली. खाली भंडारदऱ्याचे पाणी दिसत होते. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले हे धरण, साठा अकरा टीएमसी. प्रवरा याच रतनगडाला उगम पावते. म्हणजे आपल्या पाटाचे मूळ इथे.

उतरताना एका वाडीत पाणी मागितले. मावशी नुकत्याच झऱ्यावरून हंडा घेऊन आल्या होत्या, जायला-यायला तास लागतो म्हणाल्या. या भागात पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आपल्याकडे पाचशेच्या आसपास. पण कातळावर पाणी थांबत नाही. ते धरणात येते आणि धरणातून आपल्या सरीत. मावशींनी तांब्या भरून दिला आणि सहज विचारले, "तुमच्याकडं उसाला पाणी कसं देता?"

अण्णा बोलून गेले, "रातच्याला मोटर चालू करतो अन् झोपतो."

मावशी काही बोलल्या नाहीत. अण्णांनी तांब्यातले अर्धेच पाणी प्यायले आणि गाडीत बसेपर्यंत तोंड उघडले नाही. मलाही बोलायला जागा नव्हती. मोकाट पाण्याबद्दल मी सभेत सांगतो, शिवारात मात्र भीड पडते. अण्णांनी अजून ठिबक केलेले नाही. पण हल्ली रात्री बॅटरी घेऊन दारं मोडायला स्वतः उठतात, हे मी पाहिले आहे.

जून ते ऑगस्ट आडसालीच्या लागणीत गेले. सप्टेंबरात एकटाच हरिश्चंद्रगडावर गेलो, ही माझी चूक. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरलो. तिथल्या चार खांबांपैकी एकच उभा आहे. मग कोकणकड्याकडे निघालो आणि धुके आले. हात लांब केला तर बोटे दिसेनात. पुढे पाऊल टाकावे तर कडा कुठे कळेना. दोन तास एका दगडाला पाठ लावून बसलो आणि घरच्यांची आठवण काढली. शेवटी गुरांच्या घंटा ऐकू आल्या. एका पोराने हाताला धरून वाटेला लावले.

कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर) नवरात्रात केली. मी शिडीजवळ दम खात होतो, तर माझ्या आईच्या वयाच्या बाई अनवाणी पुढे निघून गेल्या. म्हणाल्या, "बस बाबा, बस. येशील सावकाश."

फेब्रुवारीत तोडीच्या धांदलीतून एक दिवस काढून साल्हेर केला, १५६७ मीटर. १६७२ च्या लढाईचे हे ठिकाण २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेले. माथ्यावर परशुरामाचे देऊळ आहे.

रिपोर्ट पुन्हा काढला. साखर उतरली आहे, पण गोळी सुटलेली नाही.

हंगाम संपल्यावर कुलंगला जाणार आहे. ज्यांना यायचे त्यांनी शेतकी ऑफिसात चीटबॉयकडे नाव द्यावे. पाणी घरूनच भरून आणावे, वाडीत मागायचे नाही.